चोलोनची समाजगृहे आणि नाशिकच्या धर्मशाळा

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे व्हिएतनामच्या सहलीविषयी जो सचित्र लेख आला, त्यात हो चि मिन्ह शहरातील चोलोन या चिनी वस्तीतल्या देवळांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या, आणि त्याही छताला टांगलेल्या उदबत्तीच्या वेटोळ्यांखाली उभे राहून छायाचित्र कसे काढावे हे सांगण्यातच खर्ची पडल्या. मुंबईहून त्या शहराला थेट विमाने जाऊ लागल्यापासून नाशिकचीही पुष्कळ मंडळी तिकडे जात आहेत, तेव्हा लेखाबद्दल तक्रार नाही. परंतु या वास्तूंना सरसकट ‘बौद्ध मंदिरे’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. परमुलखातून आलेल्या माणसांनी आपल्या मागून येणाऱ्यांसाठी बांधलेली ती समाजगृहे आहेत. देऊळ हा त्यांचा गाभा असला तरी त्यांचा पसारा देवळापेक्षा मोठा होता. स्थानिक भाषेत त्यांना होई क्वान म्हणतात. 2027च्या सिंहस्थाची तयारी चालू असताना जुन्या नाशकातील धर्मशाळांचे आणि ज्ञातींच्या वाड्यांचे काय करायचे, याचा विचार आपल्याकडे फारसा होताना दिसत नाही. तो कसा करता येईल, हे चोलोनकडे पाहून बरेचसे कळते, आणि एवढ्याचसाठी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात थोडी जागा मागत आहे.

दक्षिण व्हिएतनाममधील चिनी वस्तीची सुरुवात 1679च्या सुमारास झाली. चीनमध्ये मिंग घराण्याची सत्ता जाऊन मांचू आले, तेव्हा जुन्या राजाशी निष्ठा राखणारे सुमारे तीन हजार सैनिक आणि त्यांची कुटुंबे गलबतांतून दक्षिणेला उतरली आणि तिथल्या न्गुयेन अधिपतींनी त्यांना बियेन होआ आणि मी थो या भागांत वसू दिले. बियेन होआजवळच्या नदीतील बेटावर त्यांचे मोठे व्यापारी बंदर उभे राहिले. 1776मध्ये ताय सन बंडखोरांनी ते उद्ध्वस्त केले, आणि वाचलेले व्यापारी सायगॉनच्या, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहराच्या, पश्चिमेला, आज चोलोन म्हणतात त्या ठिकाणी, नव्याने बाजार मांडून बसले. तिथेही 1782मध्ये कत्तल झाली आणि त्यात हजारो चिनी मारले गेले. म्हणजे ही वस्ती सुखाने पसरलेली नाही, दोनदा उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभी राहिलेली आहे. पुढे फ्रेंचांनी 1879मध्ये चोलोनला स्वतंत्र शहराचा दर्जा दिला, 1931मध्ये ते सायगॉनला जोडले गेले, आणि आज ते त्या महानगराचा एक भाग आहे.

हे सगळे चिनी असले तरी एकमेकांची बोली त्यांना कळत नसे. ग्वांगतोंगचे कँटोनी, चाओजौचे तिओचू, फुजियानचे होक्किएन, हाक्का आणि हैनान बेटावरचे, असे पाच जथे होते. व्हिएतनामच्या सम्राटांनी आणि नंतर फ्रेंचांनीही कारभार याच जथ्यांमार्फत केला: नव्याने उतरलेल्या माणसाला कोणत्या तरी जथ्याने आपला म्हणावे लागे, आणि त्याच्या करासाठी व वर्तनासाठी जथ्याचा मुखिया जबाबदार असे. या व्यवस्थेत समाजगृहाला किती महत्त्व आले असेल याची कल्पना करता येते. बोटीतून उतरलेल्या, खिशात पैसा नसलेल्या मुलाला राहायला जागा, कामाची ओळख, भांडण झाले तर निवाडा, आणि मेला तर मूठमाती, या सगळ्याची सोय त्याच्या जथ्याकडून होई, आणि त्या कारभाराचे ठिकाण म्हणजे हे समाजगृह. आपल्याकडचा वाचक हे वाचताच ओळखेल, कारण कोकणातून मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाला गावकीच्या खोलीचा आधार असाच असे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध वास्तू न्गुयेन चाय रस्त्यावरचे तुए थान्ह समाजगृह होय, ज्याला लोक थिएन हाउचे देऊळ म्हणतात. कँटोनी लोकांनी ते 1760च्या सुमारास उभारले, म्हणजे बियेन होआचा विध्वंस होण्यापूर्वीच चोलोनमध्ये त्यांची वस्ती होती. थिएन हाउ ही समुद्राची देवी. फुजियानच्या किनाऱ्यावरील मेइजौ बेटावर 960मध्ये जन्मलेली लिन मोनियांग नावाची कोळ्याची मुलगी पुढे देवी झाली अशी श्रद्धा आहे, आणि दक्षिण चीनमधून ज्या ज्या ठिकाणी गलबते गेली त्या त्या ठिकाणी ती गेली. वादळी समुद्र ओलांडून सुखरूप आलेल्या माणसाने पाय जमिनीला लागताच तिला नमस्कार करावा हे स्वाभाविकच आहे. गाभाऱ्यात तिच्या दोन बाजूंना नागमाता आणि अपत्यांचे रक्षण करणारी किम होआ देवी आहे. दुसरीकडे त्याच परिसरातील ओन लांग समाजगृहात पुढच्या दालनात थिएन हाउ आणि मागच्या चौकात बौद्धांची करुणामूर्ती क्वान आम आहे. पुरवणीतील ‘बौद्ध मंदिर’ हे वर्णन अपुरे वाटते ते यासाठी.

तुए थान्हच्या रचनेकडे नाशिकच्या माणसाने अवश्य पाहावे. रस्त्याच्या बाजूने आत शिरले की एकामागून एक दालने लागतात आणि त्यांच्या मधोमध उघडे चौक आहेत. या चौकांतून उजेड आत येतो, पावसाचे पाणी खाली उतरते आणि उदबत्त्यांचा धूर वर निघून जातो. आपल्या वाड्यांच्या चौकाचे काम याहून वेगळे नव्हते. छपराच्या कडेने मात्र जे दिसते ते आपल्याकडे नाही: चकाकी दिलेल्या मातीच्या शेकडो लहान आकृत्यांचा पट्टा, त्यात राजदरबार, लढाया, नाटकातले प्रसंग, देवदेवता, मधूनच दाढीवाला परदेशी. या आकृत्या 1908मध्ये चोलोनच्याच भट्ट्यांत भाजून बसवल्या आहेत. खालून मान वाकडी करून त्या पाहाव्या लागतात, म्हणून बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटतात. चोलोनच्या त्या भट्ट्या आज उरलेल्या नाहीत, त्यामुळे एखादी आकृती फुटली तर तिच्याजागी त्याच घडणीची दुसरी बसवणे कठीण आहे. आता उदबत्तीची वेटोळी. छताला टांगलेल्या त्या मोठ्या शंकूंना लाल-गुलाबी कागदाची पट्टी बांधलेली असते आणि तिच्यावर घेणाऱ्याचे व घरच्यांचे नाव लिहिलेले असते. ती अनेक दिवस जळत राहतात. पुरवणीने ज्याला शोभेची वस्तू समजले, तो या संस्थेच्या नित्य उत्पन्नाचा एक मार्ग आहे.

त्याच रस्त्यावर थोडे पुढे न्गिया आन समाजगृह आहे. ते तिओचू आणि हाक्का या दोन जथ्यांनी मिळून उभारले, आणि त्यात क्वान कोंग, म्हणजे चीनच्या इतिहासातील तीन राज्यांच्या काळातला सेनापती ग्वान यू, मुख्य देव आहे. शब्दाला जागणारा म्हणून त्याची ख्याती आहे, आणि म्हणून दागिन्यांच्या दुकानापासून उपाहारगृहापर्यंत प्रत्येक व्यापाऱ्याच्या गल्ल्यामागे त्याची तसबीर असते. उधारीवर चालणाऱ्या बाजाराला असा देव लागतोच. आत प्रवेश केल्यावर त्याच्या तांबड्या घोड्याची मोठी मूर्ती दिसते, आणि घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजवून लोक पुढे जातात. लाकडावरचे सोनेरी कोरीवकाम या वास्तूत मला सर्वांत चांगले वाटले. फुजियानच्या लोकांची समाजगृहे एकाहून अधिक आहेत, कारण एकाच प्रांतातले असूनही छुआनजौचे आणि झांगजौचे वेगळे बसत. न्ही फू समाजगृह या दोघांनी एकत्र येऊन बांधले. तिथला ओंग बोन हा वस्तीचा रक्षक देव म्हणजे 1296मध्ये चिनी शिष्टमंडळातून कंबोडियातील अंगकोरला गेलेला झोउ दागुआन होय, असे स्थानिक परंपरा सांगते. अंगकोरच्या वैभवाचे जे वर्णन आज इतिहासकार वापरतात ते याच माणसाने लिहून ठेवले. झांगजौच्या हा चुओंग समाजगृहातील ड्रॅगन कोरलेले दगडी खांब चीनमध्ये घडवून बोटीने आणले आहेत. हैनानच्या लोकांचे क्विन्ह फू आणि फूजौच्या लोकांचे ताम सन ही समाजगृहेही चालत्या अंतरावर आहेत, आणि मिंगनिष्ठांच्या मिश्र वंशजांचे मिन्ह हुओंग समाजगृह 1789मध्ये स्थापन झालेले आहे. या सर्वांत भिंतींत दगडी लेख आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत जीर्णोद्धार केव्हा झाला आणि कोणी किती दिले याच्या याद्या आहेत.

देणगीदारांच्या याद्यांकडे आपण सहसा कंटाळून पाहतो, पण माझ्या मते या समाजगृहांच्या टिकाऊपणाचे मर्म तिथे आहे. देवाच्या नावाने जमलेला पैसा देवावरच खर्च होत नसे. जथ्यांनी शाळा काढल्या, दफनभूमी घेतल्या, रुग्णालये बांधली. चोलोनमधील न्गुयेन ची फुओंग रुग्णालय मुळात कँटोनी लोकांचे, न्गुयेन चाय रुग्णालय फुजियानच्या लोकांचे, आन बिन्ह रुग्णालय तिओचूंचे, तर आजचे अस्थिरोग रुग्णालय हाक्कांचे. 1975नंतर नव्या सरकारने रुग्णालये आणि शाळा ताब्यात घेतल्या व त्या सर्वांसाठी चालवल्या. आज तिथे उपचार घेणाऱ्या कित्येकांना ही गोष्ट ठाऊकही नसेल. बिन्ह ताय हा तिथला भव्य बाजारही क्वाच दाम या तिओचू व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधून दिलेला आहे. हा माणूस मोलमजुरी आणि भंगार वेचण्यापासून वर आला होता.

विसाव्या शतकात या वस्तीवर जे प्रसंग आले, त्यांपुढे अनेक संस्था मोडून पडल्या असत्या. 1956मध्ये दक्षिण व्हिएतनाम सरकारने तिथे जन्मलेल्या चिन्यांना सक्तीने व्हिएतनामी नागरिक केले आणि परकीयांना अकरा धंदे बंद केले. व्हिएतनाम युद्धातील 1968च्या लढाईत चोलोनची बरीच घरे बेचिराख झाली. मार्च 1978मध्ये खासगी व्यापारावर बंदी आली तेव्हा चोलोनच्या दुकानांवर एका दिवसात छापे पडले, आणि त्यानंतरच्या काळात लाखो लोक देश सोडून गेले. त्यात चिनी वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे होते. बहुतेकांना समुद्राचीच वाट होती. लॉस एंजेलिसच्या चिनी वस्तीत व्हिएतनामहून आलेल्या या निर्वासितांनी थिएन हाउचे जे देऊळ बांधले, ते याच प्रवासातले पुढचे ठाणे. चोलोनमध्ये मागे राहिलेल्यांनी मात्र मूळ वास्तू सोडल्या नाहीत. आर्थिक सुधारणांनंतर शासनानेही धोरण सैल केले, आणि 1993मध्ये तुए थान्हसह काही समाजगृहांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळूनही त्यांचा कारभार समाजाच्याच समितीकडे राहिला, हे येथे महत्त्वाचे आहे. तिथे तिकीट नाही, सकाळी भाजी घेऊन जाणारी बाई दोन मिनिटे आत येऊन जाते, आणि येणाऱ्यांत चिनी वंशाचे नसलेले व्हिएतनामी लोकही असतात. चांद्रवर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला दिव्यांचा लिलाव करून त्याचा पैसा शिष्यवृत्त्यांना आणि गरिबांना देण्याची प्रथा न्गिया आन समाजगृहात आहे. त्याच सुमारास लोक देवाकडून बरकतीचे प्रतीक म्हणून काहीतरी ‘उसने’ घेतात आणि पुढच्या वर्षी अधिक भर घालून परत करतात. यात श्रद्धा आहे आणि हिशेबही आहे. याउलट मध्य व्हिएतनाममधील होई आन हे जुने बंदर 1999मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून इतके पर्यटकांचे झाले आहे की तिथली चिनी समाजगृहे तिकीट काढून पाहावी लागतात. तीही सुंदर आहेत, पण माझे मत विचाराल तर चोलोनची वास्तू अधिक जिवंत आहे. सायगॉनच्या मध्यभागी तमिळ व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले मारिअम्मनचे देऊळही याच संदर्भात आठवते: ते चेट्टियार बहुतांशी निघून गेले, पण स्थानिक व्हिएतनामी आणि चिनी भाविकांनी ते चालू ठेवले आहे.

आता नाशिककडे येतो. पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास आणि गोदेच्या दोन्ही तीरांना देशभरातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी वेगवेगळ्या ज्ञातींनी आणि दानशूर व्यक्तींनी धर्मशाळा बांधल्या, आणि जुन्या नाशकात सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट आळी या भागांत व्यवसायांच्या समाजांनी आपापल्या जागा उभ्या केल्या. त्यांच्या भिंतींत दगडी पाट्या आहेत, त्यांवर दात्याचे नाव, गाव आणि शक आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे आहेत. काळाराम, सुंदरनारायण, नारोशंकर यांच्या संरक्षणाची निदान चर्चा होते, राज्य पुरातत्त्व विभागाने सुंदरनारायण मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले हेही चांगले झाले. पण धर्मशाळा कोणाच्याच यादीत धड बसत नाही. ती देऊळ नाही म्हणून भाविकांचे लक्ष नाही, आणि राजवाडा नाही म्हणून पर्यटन खात्याचे लक्ष नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात, विश्वस्त आणि भाडेकरू यांच्यातला वाद न्यायालयात पडून राहतो, आणि मग एखाद्या मुसळधार पावसात भिंत कोसळली की तिच्या जागी काचेची दर्शनी बाजू असलेले लॉज उभे राहते. जुनी पाटी कुठे गेली हे कोणी विचारत नाही.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्र नुसते स्मरणरंजन होईल. आपल्या धर्मशाळांचा इतिहास केवळ आतिथ्याचा नाही. कोणत्या जातीने कुठे उतरायचे आणि कोणत्या विहिरीला हात लावायचा नाही, हे त्यांच्याच दारांवर ठरत असे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह सुरू केला, तो याच शहरात, याच घाटांच्या शेजारी. संत गाडगे महाराजांनी नाशिकला धर्मशाळा बांधली ती गरिबांना, कोणाचीही जात न विचारता, आसरा मिळावा म्हणून. त्या धर्मशाळेची गरज का पडली, हे इतर धर्मशाळांच्या इतिहासातूनच समजते. म्हणून या वास्तू जपताना त्यांच्यावरची ‘अमुक समाजासाठी’ ही पाटी खरवडून टाकू नये, आणि तिच्या शेजारी घडलेले पुसूही नये. चोलोनच्या लोकांनीही आपापसांतले भेद लपवलेले नाहीत. कोणत्या गावच्या लोकांनी कोणापासून वेगळे होऊन नवे समाजगृह बांधले, हे त्यांच्या शिळांवरच वाचायला मिळते.

महापालिका, जिल्हा प्रशासन आणि सिंहस्थाची आखणी करणाऱ्या यंत्रणा यांच्यापुढे माझे म्हणणे फार मोठ्या खर्चाचे नाही. सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट यांवर मोठा निधी खर्च होणार आहे. त्यातील लहानसा भाग पंचवटी व जुन्या नाशकातील धर्मशाळा, ज्ञातींचे वाडे आणि त्यांतील शिलालेख यांची नोंद करण्यासाठी ठेवावा. नोंद म्हणजे नुसती यादी नव्हे. प्रत्येक वास्तूचे मोजमाप, पाटीचे छायाचित्र आणि मजकुराचे वाचन, सध्याच्या विश्वस्तांची माहिती आणि दुरुस्तीची निकड, एवढे तरी त्यात यावे. येथील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेता येईल, आणि 1840पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेने त्याचा दप्तरखाना सांभाळला तर ते योग्य हातांत राहील. दुसरे, ज्या विश्वस्त मंडळांना आपली वास्तू यात्रेकरूंसाठीच चालवायची आहे, त्यांना मालमत्ता करात सवलत आणि दुरुस्तीसाठी परवानगीची सोपी वाट मिळावी. मालकी मात्र त्यांचीच राहावी. सरकारने ताब्यात घेऊन कुलूप लावलेल्या वास्तूंची आपल्याकडे वाण नाही. तिसरे, लाकूडकाम आणि चुन्याचे काम जाणणारे जे थोडे कारागीर जिल्ह्यात उरले आहेत, त्यांना या कामांत प्राधान्य द्यावे. चोलोनच्या कुंभारभट्ट्यांचे जे झाले ते येथे होऊ नये.

विश्वस्तांनाही एक विनंती. जीर्णोद्धाराचा हिशेब आणि दात्यांची नावे आजही दगडावर नाही तरी निदान भिंतीवर, सर्वांना दिसेल अशी लावावीत. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे दिसले की पुढची पिढी देणगी द्यायला कचरत नाही, आणि वास्तूवर आपला हक्क आहे असे त्यांना वाटते. ज्ञातीबाहेरच्या यात्रेकरूला उतरू द्यावे की नाही यावर काही मंडळांत अजूनही वाद होतो असे कानावर येते. तो वाद सिंहस्थापूर्वी मिटवून दार सर्वांना उघडे असल्याचे त्यांनी जाहीर करावे.

पुरवणीच्या संपादकांना सुचवावेसे वाटते की चोलोनवर पुन्हा लिहायचे झाल्यास न्गुयेन चाय रस्त्यापासून लाओ तू आणि हाय थुओंग लान ओंग या गल्ल्यांपर्यंतची पायी फेरी द्यावी. चारपाच समाजगृहे एका सकाळीत होतात, आणि दुपारी बिन्ह ताय बाजारात क्वाच दामचा पुतळा पाहता येतो. आणि त्याच पानावर पंचवटीतील दोनतीन धर्मशाळांची छायाचित्रे, त्यांच्या पाट्यांच्या मजकुरासह, छापता आली तर उत्तम.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक